टाकी श्वास घेते

टाकीला श्वास लागतो, असं मी म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा काळजीनं बघतात. पण ते खरं आहे. परळच्या मागच्या टेकडीच्या पोटात पिण्याच्या पाण्याची टाकी आहे आणि तिच्या छपरावर माती घालून बाग केलेली आहे. सकाळी शहराच्या नळांना पाणी सोडलं की टाकीतली पातळी भराभर उतरते, आणि जेवढं पाणी बाहेर गेलं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी बागेच्या एका कोपऱ्यात वाकड्या मानेचे लोखंडी पाइप काढलेत, तोंडाला बारीक जाळी लावून. फिरायला येणारे त्या पाइपांवर घामाचे रुमाल वाळत घालतात. मला ती टाकीची नाकं वाटतात.

माझं काम सांगायला सोपं आहे. टाकीत येणारं पाणी, टाकीतून जाणारं पाणी आणि अलीकडे टाकीभोवतीची हवा, हे सगळं तपासायचं. क्लोरीन जागेवरच बघायचं, बाकीचा नमुना निर्जंतुक बाटलीत भरून, बर्फाच्या पेटीत ठेवून प्रयोगशाळेत न्यायचा. क्लोरीन हा पाण्याचा राखणदार. टाकीतून बाहेर पडताना ते थोडं कमी झालं तर ठीक. फारच कमी झालं तर समजायचं की आत नको ते काहीतरी शिरलंय आणि राखणदार त्याच्याशी झुंजतोय. मला माझं काम येतं आणि ते मी लपवत नाही. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'कलेक्टरीणबाई' म्हणतात, हेही मला माहीत आहे. म्हणोत.

गेल्या हिवाळ्यात ते क्लोरीन उतरायला लागलं. पाणी पिण्याजोगं होतं, पण आकडे हळूहळू खाली येत होते. टेकडीच्या पायथ्याशी, जुन्या गिरणीच्या जागेवर, एक टॉवर उभा राहत होता. साहेब म्हणाले, "बांधकामाची धूळ जाते आत, दुसरं काय? बिल्डरला नोटीस काढू." मलाही ते पटलं. बिल्डरला दोष द्यायला कोणाला आवडत नाही? पण पाइपांजवळ ठेवलेलं धूळ मोजायचं यंत्र वेगळंच सांगत होतं. धूळ उठत होती ती सकाळी, बांधकामाचे मजूर यायच्या कितीतरी आधी. म्हणजे नेमकी टाकी श्वास घेते तेव्हा. चोर सोडून संन्याशाला फाशी नको, म्हणून मी नोटीस थांबवली. बिल्डरला संन्यासी म्हणायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बागेत गेले. पाइपांच्या कोपऱ्यात बाकांवर चार-पाच बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर कबुतरंच कबुतरं. तेवढ्यात एक कुत्रा धावत आला आणि सगळा थवा एकदम उडाला. पिसं, वाळलेली शीट, दाण्यांचा कोंडा, सगळं पाइपांवर आलं. एक जाळी तर पिसांनी बुजलीच होती आणि तिची एक कड गंजून सुटली होती. मी रागानं पुढे झाले. ज्वारीची मूठ भरून पुन्हा उधळायला उठलेली बाई माझी आई होती.

आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला तेव्हा आईला वरच्या मजल्यावर घर मिळालं. लख्ख, हवेशीर आणि शांत. मी नवरा-मुलांसह दादरला. चाळीत दार कधी लागत नसे. कोणी ना कोणी चटणी मागायला नाहीतर भांडायला यायचंच. टॉवरमध्ये लोक लिफ्टमध्ये आकड्यांकडे बघत उभे राहतात. बाबा गेल्यावर तर आई दिवसदिवस टीव्हीशी बोलायची. मग तिला ही बाग सापडली आणि या बायका सापडल्या. दाणे आणायच्या एक गुजराती बेन. त्यांचा खांदा दुखायचा, म्हणून उधळायचं काम त्यांनी आईला दिलं होतं. आई गिरणगावातली, कष्टाचा हात, दाणे लांबवर जायचे. बागेतल्या मैत्रिणींबद्दल ती मला फोनवर रोज सांगायची, कबुतरांबद्दल एक अक्षर नाही. घरच्या खिडकीत कबुतर बसलं तर ही झाडू घेऊन धावते.

"आई, टाक ती ज्वारी खाली. म्हणजे, टाकू नको. लांब हो तिथून," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "खाली पिण्याचं पाणी आहे. तुमच्यामुळे खराब होतंय."

आईनं मूठ मिटली.

"माझ्यामुळे?"

"दाण्यांमुळे गं. कबुतरांमुळे."

"टाकणारी मीच ना?" ती शांतपणे म्हणाली आणि मला बाजूला, झाडाखाली घेऊन गेली. "माझ्या आईला गावच्या विहिरीवर पाय ठेवायची सोय नव्हती. खाली उभं राहून ओंजळ धरायची, मग वरून कोणीतरी पाणी ओतायचं. मनात आलं तर. नाहीतर उभी राहा उन्हात. का? तर तिच्यानं पाणी बाटतं. आणि आता माझी शिकलेली पोर येते नि चारचौघींत मला सांगते, लांब हो, तुझ्यानं पाणी खराब होतं."

मी पाइपांकडे वळले आणि सुटलेल्या जाळीचा फोटो काढला.

एक गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली. लहानपणी खेळून आल्यावर आम्ही चाळीच्या नळाखाली ओंजळ धरली की आई कुठूनही यायची आणि पाठीत धपाटा घालायची. पेला घे, म्हणायची. पाहुण्यांकडे, लग्नाच्या मांडवात, कुठेही पेला. आम्हाला वाटायचं ही स्वच्छतेची भोक्ती. मी माझ्या मुलांनाही तेच शिकवलं, जंतूंचं कारण सांगून.

अहवाल मी त्याच दिवशी लिहिला, जसं होतं तसं. जाळ्या बदला, तो कोपरा बंद करा, दाणे टाकणं थांबवा. तिथे माझी आई बसते म्हणून एक शब्द मऊ केला नाही. पाण्याच्या बाबतीत मला तसं करताच येत नाही. पण सही करताना वाईट वाटलं. सकाळचे ते दोन तास गेले की आईकडे काय उरणार होतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

कोपऱ्याला पत्रे लागले. बायका पांगल्या. आई बागेत जायची थांबली. फोन केला की "जेवलीस का?" "जेवले," एवढंच. चार दिवस मी कळ काढली आणि मग संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बसले. भिंतीवर आमचे नेहमीचे दोन फोटो, त्यांच्याखाली ती.

"आजीला ज्यांनी लांब उभं केलं," मी म्हणाले, "त्यांनी पाणी कधी मोजलं होतं का?"

तिनं टीव्ही बंद केला.

"मी मोजते, आई. आधी मीपण बिल्डरलाच धरणार होते. धुळीच्या यंत्रानं नाही म्हटलं. दाणे बेननी टाकले असते, मी टाकले असते, तरी आकडा तोच आला असता. हात कोणाचा ते पाण्याला कळत नाही. पण मी तुला सगळ्यांसमोर ओरडले, ते चुकलं. रडू येतंय मला त्याचं."

"रडू नको," आई म्हणाली. "मोजतेस तर मला दाखव."

"काय?"

"मोजताना. जाळ्या बदलल्यात ना? मग आता पाणी बरं झालं का, ते माझ्यासमोर बघ."

टाकीच्या आत कोणाला नेता येत नाही. पण टेकडीच्या उतारावर, कुंपणाबाहेर, नमुना घ्यायचा एक नळ आहे. टाकी धुऊन झाली, नव्या जाळ्या बसल्या, पाण्याचे अहवाल लागोपाठ स्वच्छ आले, तेव्हा एका सकाळी मी तिला तिथे बोलावलं. ती एकटी आली नाही. बेन होत्या, बाकीच्याही सगळ्या होत्या. आईनं एकेकीला फोन लावले होते.

"दाखवायचं तर सगळ्यांना दाखव," ती म्हणाली. "नाहीतर या म्हणतील, मुलीनं सांगितलं म्हणून हिनं ऐकलं."

मी नळ थोडा वेळ वाहू दिला, काचेच्या नळीत पाणी घेतलं, त्यात क्लोरीन तपासायची गोळी टाकली. पाणी छान गुलाबी झालं, म्हणजे राखणदार पुरेसा होता; आकडे उतरत होते तेव्हा रंग इतका चढत नव्हता. टाकी श्वास कसा घेते तेही सांगितलं. बेननी तीनदा प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, "आपडे तो रोज सवारे तिच्या नाकात कचरा घालत होतो." आई हसली. बागेतल्या त्या भांडणानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

"पिऊन बघू का गं?" बेननी विचारलं आणि नळाखाली ओंजळ धरली.

"थांबा," आई म्हणाली. "ओंजळीनं नाही."

माझ्याकडे बाटल्या होत्या, पेला नव्हता. आईनं पिशवीत हात घातला आणि स्टीलचा पेला काढला, चाळीतला, तळाशी बाबांचं नाव कोरलेला. मी नळ सोडायला वाकले तर तिनं माझा हात बाजूला केला. तिनं स्वतः नळ सोडला, पेला काठोकाठ भरला आणि उभ्यानं, सावकाश, सगळा प्यायली. मग तो पुन्हा भरून बेनच्या हातात दिला.

"चांगलं आहे," ती मला म्हणाली. "उद्यापण मोज. रोज मोज."