मालकाच्या नावाची डबी

धारूरच्या तपासणीवाल्यानं मालकाच्या नावानं जी संडास तपासली, ती माझी व्हती.

मालकाचं पोट दसऱ्यापासून दुखायलं व्हतं. भाकर खाल्ली का पोट धरून बसायचे. ऊसतोडीचा ट्रक निघायच्या आदल्या आठवड्यात मुकादम दारात आला. आजारी मानूस नेत न्हाई म्हणला. ह्यायला ऱ्हाऊ दे घरी, तू दिराच्या टोळीत चल. म्हंजी कारखाना बंद हुईस्तोर मी तिकडं अन् हे हिकडं! (लगीन झाल्यापसून एक हंगाम येगळा काढला न्हवता. भांडलो, पन सोबत भांडलो.)

ट्रक निघायच्या आत बरं व्हावं म्हणून धारूरच्या डाक्टरला दावलं. त्यानं फोटोच्या रोलाची रिकामी डबी दिली. जंत हायेत का बघू, सकाळची संडास आना म्हणला. सकाळी मालक टमरेल अन् डबी घिऊन वढ्याकडं गेले. लई येळानं आले, डबी मोकळीच.

"कावून ओ?"

"डबी हातात घेतली का व्हतच न्हाई."

च्या पाजला, कोमट पानी पाजलं, परत धाडलं. परत मोकळी! तिकडं यष्टीची येळ झाली.

मंग मी इचार केला. ऊसतोडीत नवराबायकू मिळून एकच कोयता मोजत्यात. तोडलं कुनी, मोळी बांधली कुनी, कोन इचारतंय? आमी एका ताटात जेवतो, एका घागरीचं पितो. पोट तेवढं येगळं आसन का? डबी घेतली अन् मीच गेले. (मला काई अडलं न्हाई!)

तपासणीवाल्यानं दुर्बिनीत बघितलं, परत बघितलं. म्हणला, "काका, नुसते जंतच जंत! एवढे घिऊन चालता कसं?"

मालकानं माझ्याकडं बघितलं अन् पोट धरून खाली बसले. मला वाटलं दुखायलं. तर हसायलेत! दसऱ्यापासून पयल्यांदा हसले. मी भिताडाकडं बघत उभी.

डाक्टरनं गोळी दिली. एका मानसाची एकच. भाईर आल्यावर मालक म्हणले, "जंत तुझे, पोट मपलं. गोळी कोनी खायाची?"

आत जाऊन खरं सांगायची लाज वाटली. मंग स्टँडवर दातानं तोडून अर्धी अर्धी खाल्ली. अर्ध्या गोळीनं काय व्हतंय, पन त्यायचं दुखनं थांबलं. ट्रकात मपल्या शेजारी बसले अन् कारखान्यापस्तोर साऱ्या टोळीला सांगत गेले, हिच्या पोटात लई बिऱ्हाडं हायेत. मी तोंड फिरवून बसले.

मालक जाऊन लई सालं झाली. आता चिडवायला कोनी न्हाई. परवा दवाखान्यातल्या बाईनं मला जंताची गोळी दिली. मी दातानं तोडली, अर्धी खाल्ली, अर्धी पदराला बांधली. दिस मावळला तवा गाठ हाताला लागली. कुनासाठी ठिवली व्हती, ते ध्यानात आलं. गाठ सोडली.

मंग तीबी मीच खाल्ली. जंत तर माझेच व्हते.