रुमालाखालची बोटं

नव्या रुमालाच्या खळीचा वास आला की मला हिरा आठवते. तिचे वडील घोडेगावच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून बैलाचा भाव ठरवायचे. तशीच बोटं दाबून ती वर्गात शेजारी बसून मला इंग्रजी प्रत्यय सांगायची: एक बोट 'नेस', दोन बोटं 'मेंट'.

एकदा सरांनी 'मूव्ह'चं नाम विचारलं. तिने ओढणीखाली माझी दोन बोटं दाबली. "मूव्हमेंट!" मी म्हणाले.

"हा काय बैलबाजार आहे?" ओढणीखालचे हात बघून सर ओरडले.

"व्हय सर, मीच सांगितलं," म्हणत हिरा वर्गाबाहेर गेली, ती शाळेत परत आलीच नाही. मी मान खाली घालून बसून राहिले.

आता मी इंग्रजी शिकवते, तेही रुमालाखाली बोटं दाबून. काल मुख्याध्यापक दारातून म्हणाले, "मॅडम, कसला बाजार मांडलाय?"

"घोडेगावचा, सर. या, बसा."