नायकबुवाच्या खाटेपाशी वाकलो तो वाकलोच

आता हसू नका बरं, पण मी जिंदगीत एकदाच लय नम्र झालतो, अन् तेबी चुकून!

साठ-एकसष्टची गोष्ट असंन. पांढरकवड्याच्या दवाखान्यात मी नवाच वॉर्डबॉय लागलतो. नोकरी कच्ची. डॉक्टरसाहेब रोज बजावत, "रोगी दोघांनी मिळून उचला. गुडघे वाकवा, कंबर नाही." मी मनात म्हणलं, मले कायले दुसरा? कापसाचे बोजे उचललेला गडी मी!

त्या दिवशी सकाळी एका पैलवानाले एकट्यानंच खाटेवर ठेवलं. कंबरेत कटकन झालं. पण तसाच कामाले लागलो. कंबर गेली हे कळलं तर नोकरी पक्की कोण करंन, सांगा?

दुपारी भेटीची वेळ. वॉर्डात बंजाऱ्याइच्या तांड्यावरचे म्हातारे नायकबुवा, म्हणजे तांड्याचे मुखी, भरती होते, पायाले पट्टी. त्याइच्या खाटेखालचं भांडं घ्याले वाकलो... अन् वाकलो तो वाकलोच! वर येताच येईना. हात त्याइच्या पायाजवळ, मान खाली.

बुवाचा हात आला माया डोक्यावर. "सौ बरस जी, बेटा!"

त्याइची सून म्हणे, "पाहा ना, सरकारी माणूस, अन् कसा पाया पडून राह्यला!"

भेटाले तांड्यावरून धा-बारा लोक आलते. मी तसाच वाकलेला दरवाज्याकडं सरकलो. ज्याच्यापुढं गेलो त्यानं आशीर्वाद देल्ला! एका बुडीनं तर दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडली.

तेवढ्यात दारात डॉक्टरसाहेबाचे बूट दिसले. फक्त बूटच!

"सिस्टर, पाहा," साहेब म्हणाले, "सेवाभाव असा असतो! बरं, ऊठ आता."

"असू द्या साहेब. असंच बरं वाटते."

मागून बुवा खदखदून हसले. "डागदर, त्याले नम्र नको समजू. जवानीत आमी बैलाइवर गोणी लादत होतो. अशी नम्रता मलेबी रोज येये!"

झालं! साहेब हसून हसून लाल. नोकरीवरून काढलं नाही, बाजूच्याच खाटेवर टाकलं, कंबरेखाली गरम पाण्याची पिशवी. दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच बुवा पडल्या पडल्या हुकूम सोडत, "निजून नको राहू! चाल थोडा!" साहेबबी तेच सांगत. दोघं एका बाजूले झाल्यावर मी काय करतो? सिस्टरचा हात धरून वॉर्डात फेऱ्या मारल्या. बरंबी वाटलं, खोटं कायले बोलू?

त्याच संध्याकाळी बायको डबा घेऊन आली. वाटलं, आता रडंन बिचारी. तिनं डबा ठेवला अन् कंबरेवर हात ठेवून उभी.

"तांड्याच्या साऱ्या लोकाइच्या पाया पडले म्हणे तुमी?"

"हाव... म्हणजे, तसं नाही..."

"अन् लग्नात माया बापापुढं तुमची कंबर वाकली नाही! अजून पुरे सरळ झाले नाही ना?"

"नाही."

"मंग तसेच राहा," ती निघालीच. "उद्या सकाळी बाबाइले घेऊनच येतो!"