अप्पांनी थांबायला सांगितलं होतं

हे लिहिणं मी सहा वर्षं टाळलं. विश्वनाथअप्पांचा विषय निघाला की मी दुसरंच काहीतरी काढायचो. आता वयाची अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली, सांगून टाकतो.

परळीच्या वीजकेंद्रात अप्पांची सगळी नोकरी बॉयलरच्या दाबाचे कागदी आलेख वाचण्यात गेली. निवृत्तीनंतर ते शेअरच्या भावांचे आलेख काढू लागले, तेही ग्राफपेपरवर, पेन्सिलीने. स्टेशनजवळच्या हॉटेलात आम्ही चार-पाच निवृत्त माणसं रोज सकाळी त्यांच्याभोवती बसायचो. मी शाळामास्तर होतो; ते मला म्हणायचे, "मोबाइलवर रेघ आपोआप येती, गुरुजी. हातानं काढली की तिचा दम कळतो."

एक आकृती त्यांनीच मला ओळखायला शिकवली. चढलेला शेअर आधी वीस टक्के पडतो, सावरतो. मग दहा, मग चार. झोके लहान होत जातात, रोजची उलाढालही आटते. विकणारे संपले की थोड्या मागणीनेही भाव उसळतो. "नुसतं अरुंद झालं म्हणून भुलू नका. खाली उलाढालीचे खांब हायेत, ते आधी बघा."

एकदा एका पंप-कंपनीच्या आलेखात मला असे तीन झोके दिसले. अप्पांनी खांबांवर बोट ठेवलं. "हे लई उंच हायेत अजून. कुणीतरी गुपचूप माल विकून काढायलंय. थांबा."

मी थांबलो नाही, शेअर घेतला. वर बाकीच्यांना सांगितलं, "अप्पांनी हेरलाय, घ्या." माझ्या शब्दावर कुणी घेतला नसता.

महिन्याभरात भाव निम्म्यावर आला. आमच्यातले माणिकराव भर हॉटेलात अप्पांवर तुटून पडले. "अप्पा, बॉयलरच बरा होता की! आमाला कशापायी उकळलं?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी बशीत चहा ओतत राहिलो.

"माझंच बघणं चुकलं, माणिकराव," ते म्हणाले. कागद गुंडाळून उठले, ते पुन्हा त्या हॉटेलात आले नाहीत. माणसांनीही त्यांना विचारणं सोडलं.

वर्षभराने मी धारूरला, त्यांच्या मुलीकडे, त्यांना भेटायला गेलो. त्यांचं पट्टी धरून रेघ ओढणं चालूच होतं. "बरं झालं आलात," म्हणत त्यांनी मला शेजारी बसवलं आणि तासभर नवा आलेख समजावला. मग हसून म्हणाले, "आता घाई न्हाई ना करत, गुरुजी?"

मी नुसती मान हलवली. ती आमची शेवटची भेट.

परतीची एसटी घाट उतरत होती तेव्हा मी म्हणालो, "अप्पा, तुम्ही नको म्हणाला होतात. खोटं मी बोललो. माफ करा."

शेजारच्या बाईंनी वळून विचारलं, "मला काय म्हणलात का, बाबा?"