सालीची वजाबाकी

बाळांनो, वरच्या खोलीतले भाऊ फोनवर हल्ली दिसत का नाहीत, असं तुम्ही परवा विचारलंत. ते लेकीकडे नागपूरला कायमचे गेले. काल खोली झाडून घेतली आणि म्हटलं, विसरायच्या आत लिहून टाकावं. एवढा हेकट भाडेकरू आलापल्लीत दुसरा झाला नसेल.

सागाच्या डेपोतला जुनाट प्रोग्राम ते सांभाळत. सी भाषेतला, ओंडक्याचा घेर आणि लांबी दिली की घनफळ सांगणारा. एकच गोष्ट दोन तऱ्हांनी केलेली भाऊंना सोसत नसे. माझं मीठ बरणीत आणि साखर डब्यात का, यावरून येता-जाता सुनावत. स्वतः मात्र दोन पायांत दोन जोडांच्या चपला घालून डेपोत जात, आणि तेही ताठ मानेनं.

प्रोग्राममध्ये घनफळाचं सूत्र जागोजागी वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलेलं होतं. लिलाव तोंडावर आलेला असताना भाऊंना ते खुपलं. सूत्राला एक नाव द्यायचं, त्याला मॅक्रो म्हणतात. मग ते नाव दिसेल तिथे यंत्र सूत्र जसंच्या तसं उतरवून घेतं. लिलाव होऊ द्या, मग करा, असं मी सांगितलं. बिघडलं तर काम जाईल, असं डेपोच्या साहेबांनी बजावलं. भाऊ म्हणाले, "अर्धं इथी नवं, अर्धं तिथी जुनं, असं मले जमत नाई." आणि एकही जागा न सोडता सगळीकडे मॅक्रो घातला.

लिलावाच्या आदल्या दिवशी चाचणीत एकेक ओंडका हत्तीएवढा निघाला. घेरातून सालीची वजावट करून उरलेल्या घेराचा चौथा भाग घ्यायचा असतो. मॅक्रोत घेराभोवती कंस घालायचे भाऊ विसरले होते, त्यामुळे यंत्रानं नुसत्या सालीला चारनं भागलं आणि घेर अख्खा ठेवला. चूकसुद्धा सगळीकडे एकसारखी, त्यांच्या आवडीची.

साहेब कागद घेऊन आमच्या ओसरीवर आले. "भाऊ, एवढा साग तर साऱ्या जंगलात नाई. उद्या लिलाव आहे. आता किती ठिकाणी दुरुस्त करून राह्यले तुमी?"

भाऊंनी सावकाश चष्मा पुसला. "एकाच ठिकाणी, साहेब."

मॅक्रोच्या त्या एका ओळीत कंस पडले आणि डेपोतला सगळा साग आपल्या मापावर आला. भाऊंचं काम टिकलं, लिलाव झाला. संध्याकाळी भाऊ खाली आले ते पुन्हा मिठावरून बोलायलाच. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

आता जिन्यावर विजोड चपला नसतात. डेपोतला प्रोग्राम अजून चालतो, ते कंस जागेवर आहेत. मीठ डब्यात आहे.