शनिवारच्या रेडिओतून काढलेलं नाव

नाशिकच्या अंबडला, एका वर्कशॉपच्या वरच्या खोलीत आमचा रेडिओ चालायचा. आमचा म्हणजे त्यांचा, पण एडिटिंग मी करायचे, तेही फुकट, म्हणजे आमचाच ना! ते सगळे तिकडच्या सरकारविरुद्ध बोलून आपला देश सोडून इथे आलेले. शनिवारी कंपन्या बंद, खालचे लेथ गप्प, म्हणून रेकॉर्डिंग शनिवारीच. पैसा तिसऱ्याच एका देशाच्या सरकारचा. मला ते जाम भारी वाटायचं, लांबचं कुणीतरी यांच्या पाठीशी आहे म्हणून.

सुरुवात ठरलेली. तिकडे जेलमध्ये असलेल्यांची नावं, प्रत्येक नाव घरच्याच माणसाच्या आवाजात. माणूस सुटला किंवा वारला, तरच नाव थांबायचं. माझी कॉलेजची मैत्रीण त्यांच्यातलीच, ती तिच्या भावाचं नाव घ्यायची आणि तिकडे तिची आई फोनवर चोरून ऐकायची. आईला मुलाची तेवढीच खबर.

एका रविवारी मैत्रीण धापा टाकत घरी आली. "आई रडतेय. तिकडे घरी लोक जमलेत. काल रेडिओत नाव आलं नाही!"

"शक्यच नाही, मी स्वतः लावलंय."

ऐकलं तर खरंच नाही. मी दिलेल्या फाइलीतनं कुणीतरी उडवलेलं.

दोघी स्कूटीवर थेट अंबड. त्यांच्यातले सगळ्यात मोठे, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते चहा गाळत होते. इतकी वर्षं नाशकात काढलेली, मराठी अगदी आमच्यासारखी.

"मीच काढलं," दादा म्हणाले. "तो ज्या खाणीविरुद्ध बोलून आत गेला, ती आता आपल्याला पैसे देणाऱ्यांनीच घेतलीय. त्यांचा फोन आला होता. नाव ठेवलं तर रेडिओच बंद."

"दादा, आईला वाटतंय तो गेला!"

"जिवंत आहे. तिकडच्या आपल्या माणसानं परवाच बघितलंय त्याला. फोन करून सांग की आईला."

"तुमचा भाऊ असता तर?" मी ओरडले.

"तू गप गं. तुझ्याकडे आधार कार्ड आहे."

मैत्रिणीनं तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर. त्यांची भाषा मला येत नाही, ती मध्येमध्ये मला मराठीत सांगत होती. आई म्हणत होती, तू माझ्या समाधानासाठी खोटं बोलतेस. रेडिओ खोटं बोलत नाही. खरं असेल तर तुझ्या दादांना सांग, एकदा, फक्त एकदा त्याचं नाव लावा.

तिनं फोन दादांच्या तोंडासमोर धरला. आई हॅलो हॅलो करत राहिली.

दादांनी नळ सोडला आणि आधीच धुतलेले कप परत विसळायला घेतले.