कापसाचा बोळा

वहिनीला आई नव्हती. धामणगाव बढ्याला तिचे वडील होते आणि एक धाकटी बहीण. त्या बहिणीला वहिनीनेच न्हाऊमाखू घालून, वेणीफणी करून वाढवलं होतं. तिला टाकून जायचं कसं म्हणून वहिनीचं स्वतःचं लग्नही उशिराच झालं. पिंपळगाव राजाला आमच्या घरी ती सून म्हणून आली तेव्हा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. माझा भाऊ मुळात कमी बोलायचा. वहिनी आल्यावर त्याला बोलायची गरजच उरली नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सरकारी कामासाठी लोक नागपूरचं नाव घ्यायचे, पण आमच्या दृष्टीने मोठं गाव म्हणजे खामगाव. शेती कापसाची. दिवाळीनंतर घरात कापसाचे ढीग लागायचे आणि आम्ही पोरं त्यांवर लोळून मार खायचो. त्याच घरातल्या बायकांना महिन्याच्या चार दिवसांत मात्र जुन्या लुगड्याच्या चिंध्याच मिळायच्या. गोठ्याला लागून एक कुडाची खोली होती, तिथे बसायचं. चिंध्या पहाटे धुवायच्या आणि पुरुषांच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्याच खोलीत पोत्याखाली वाळत घालायच्या. त्या कधी नीट वाळायच्या नाहीत. मला पहिल्यांदा बाहेर बसायची वेळ आली तेव्हा मी मायला विचारलं होतं, हे रक्त कुठून येतं. माय म्हणाली, "असं विचारू नाही. बायकाईचं असंच असते." आमची माय वाईट बाई नव्हती. तिलाही कोणी सांगितलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

वहिनीच्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलं. आई नाही, म्हणून पोरीला पहिली हळद वहिनीनेच लावायची होती. महिनाभर वहिनीच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. पण निघायचा दिवस जवळ आला तशी ती गप्प होत गेली. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही बाई, ऊन लय हाये."

तिची तारीख नेमकी लग्नात येत होती. आदल्या वर्षी चुलत भावाच्या लग्नात तिच्यावर तीच वेळ आली होती. मांडवातली वाजंत्री तिने गोठ्यात बसून ऐकली होती, आणि वाढून राहिलेलं जेवण कोणीतरी दुरून सरकवलं होतं. आपल्या बहिणीच्या हळदीला तसं होऊ द्यायचं नाही, हे तिने मनाशी ठरवलं. कोणाला विचारण्यासारखं नव्हतंच. कान फुटला की कानात कापसाचा बोळा घालतात, तेवढं तिला ठाऊक होतं. घरी तेव्हा रजया भरायला पिंजारी आला होता. त्याने पिंजलेल्या ढिगातला मऊ कापूस तिने मूठभर उचलला आणि पदराच्या गाठीत बांधून घेतला. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं.

लग्न मला आठवतं ते वहिनीमुळे. हिरवं लुगडं नेसून ती सगळीकडे होती. तिने बहिणीला हळद लावली, गाणी म्हटली, पंगतीत वाढलं, विहिणीशी थट्टा केली. बहिणीला निरोप देताना मात्र तिला रडू आवरेना. परत येताना बैलगाडीत ती पोटाशी पाय घेऊन पडून राहिली. थकली असेल, असं सगळ्यांना वाटलं.

घरी आल्यावर काही दिवसांनी तिला थंडी वाजून ताप भरला. मायने कांद्याचा रस चोळला, पन्हं पाजलं. ऊन बाधलं म्हणाली. ताप हटेना. ओटीपोटाला हात लावू देईना. तिच्या अंगाला एक वास येऊ लागला. तो सगळ्यांना येत होता, पण कोणी बोललं नाही. शेजारच्या एका बाईने देवऋषी सुचवला. भाऊ तोपर्यंत ओसरीवर नुसता बसून होता. तो उठला आणि गाडीला बैल जुंपू लागला.

माय म्हणाली, "कुठी नेऊन राह्यला तिले?"

"खामगावले. दवाखान्यात."

बायकांच्या दवाखान्यात पुरुषाला आत जाता येत नसे, म्हणून मला बरोबर घेतलं. गाडीत वहिनी तापात काहीबाही बोलत होती. मी थोडा वेळ तिचे पाय चेपले, मग तिथेच कधी झोपले मला कळलं नाही.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई बाहेरगावची होती, शुद्ध बोलायची. तिने वहिनीला आत घेतलं, मला उशाशी उभं केलं आणि एकदम विचारलं, "आत कापूस ठेवला होता का?"

वहिनीने डोळे मिटून घेतले. मग माझा हात ओढून माझ्या कानात म्हणाली, "बाईले सांग, ठेवला होता. पण तो निंघाला असन. मले सापडलाच नाही."

मी तसंच सांगितलं. माझ्या तोंडून ते शब्द कसे निघाले कोण जाणे. बाईने मला बाहेर पाठवलं. परत बोलावलं तेव्हा एका तसराळ्यावर फडकं झाकलेलं होतं आणि खोलीत फिनेलचा वास होता. आत एक नव्हे, दोन बोळे निघाले होते. पहिला सापडेना म्हणून तो पडून गेला असं समजून वहिनीने दुसरा घातला होता. पहिला आणखी आत सरकला, दुसराही तिला सापडला नाही, आणि दोन्ही तिथेच कुजले.

काही दिवस ती मरणाच्या दारात होती. मग औषधाने म्हणा, अंगच्या चिवटपणाने म्हणा, ताप उतरला. उठून बसायला लागल्यावर तिला प्रश्न पडू लागले. बाईला विचारायची तिला लाज वाटे. ती माझ्या कानात सांगे आणि मी विचारी. मग बाईही खाटेच्या कडेवर टेकून बसू लागली.

"तो वर पोटात जाते काय? जीवाले जाऊन लागते काय?"

"नाही," बाई म्हणाली. "वर रस्ता नाही. गर्भपिशवीचं तोंड इतकं बारीक असतं की बोळा त्यातून जाणारच नाही. तो हरवत नाही, अडकतो. म्हणून त्याला घट्ट दोरा लागतो आणि दोऱ्याचं टोक बाहेर राहावं लागतं. आणि पहिला काढल्याशिवाय दुसरा कधीच घालायचा नाही."

वहिनीने पुन्हा माझा कान तोंडाशी ओढला. लघवीला जाताना तो काढावा लागतो का, असं तिला विचारायचं होतं. बाई हसली, पण चेष्टेने नाही. लघवीची वाट वेगळी असते, म्हणाली. मला हे तेव्हाच पहिल्यांदा कळलं, आणि वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं तर तिलाही.

विलायतेत असे बोळे कारखान्यात करतात, दोरा लावून, स्वच्छ कागदात गुंडाळून, असंही बाईने सांगितलं. तिकडच्या बायका ते वापरतात, पण त्यांनाही हात धुवावे लागतात, चार-पाच तासांनी बदलावा लागतो, आणि आठवणीने शेवटचा काढावा लागतो. अंगावरून कमी जात असेल तेव्हा घालायचाच नाही. आत असताना ताप आला, उलटी झाली, चक्कर आली, तर आधी तो काढायचा आणि लगेच डॉक्टरकडे जायचं. "घरातला पिंजलेला कापूस मात्र कधीच नाही. त्याचे तंतू सुटतात, आत राहतात. तुम्ही आपल्या कापडाच्या घड्याच घ्या. उकळत्या पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा."

"उन्हात?" वहिनी पहिल्यांदाच थेट तिच्याशी बोलली. "लोकाईले दिसन ना."

"दिसू दे," बाई म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनीने शेवटचं विचारलं. माझा कान न ओढता, स्वतः.

"मले लेकरू होईन ना, बाई?"

बाई खाटेच्या कडेवर टेकली. "पू फार आतपर्यंत गेला होता," ती म्हणाली. "आशा थोडी आहे. खोटं कशाला सांगू?"

परतीच्या वाटेवर वहिनीने माझ्याकडून वचन घेतलं. कापसाचं कोणाला सांगायचं नाही, भावाला तर नाहीच. घरी सांगितलं ते एवढंच की पोटात पू झाला होता.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी मेहकरकडे सासरी गेले. वहिनीची ओटी रिकामीच राहिली. माय भावाच्या मागे लागली, दुसरी कर. तेव्हा भावाने मायला बसवून सांगितलं की वैद्याला दाखवलं आहे, लहानपणी मला गालफुगी झाली होती ना, त्याने दोष राहिला आहे, दुसरी केली तरी लेकरू व्हायचं नाही. मायचं तोंड बंद झालं. ती मग त्याच्यासाठी पाला आणून काढे करू लागली. भाऊ रोज सकाळी ओसरीवर बसून तो कडू काढा प्यायचा, आणि वहिनी रिकामा पेला घ्यायला समोर उभी असायची. मी माहेरी गेले की हे पाहायचे. गावात पुरुषमाणसं त्याला काय बोलत असतील ते काढ्यापेक्षा कडू असणार. एकदा वहिनी न्हाणीत मला म्हणाली, "त्यायले वाटते दोष त्यायचाच हाये. सांगाले जाते अन् जीभच उचलत नाही वं." वचन तिचं होतं, ते सोडणंही तिच्याच हाती होतं.

माय गेली, काढे थांबले. माझी मोठी मुलगी मामाकडे उन्हाळ्याला आली होती तेव्हा तिथेच पहिल्यांदा तिला पाळी आली. मीही तिकडेच होते. मी काही बोलायच्या आत वहिनीने तिला अंगणातल्या बाजेवर शेजारी बसवलं आणि सगळं सांगायला सुरुवात केली. रक्त कुठून येतं, घडी कशी घ्यायची, किती वेळाने बदलायची. कुडाची खोली तिने केव्हाच पाडून टाकली होती. अंगणातल्या तारेवर घड्या उघड्या उन्हात वाळत असत.

पोरगी ऐकत होती. तिने विचारलं, "मामी, आत काही घालून बंद नाही का होत हे?"

वहिनीने तिचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "मी घातला होता कापूस. कोणाले विचारलं नाही अन् घातला. त्याच्यानंच मले लेकरू नाही झालं. तुया मामाचा काही दोष नव्हता त्याच्यात."

भाऊ शेतातून पाणी प्यायला आला होता. आम्हाला तो दिसला तेव्हा दारात उभा होता, हातात तांब्या. वहिनी उठून उभी राहिली.

"मले माहीत हाये ते," तो म्हणाला.

"काय माहीत हाये?"

"कापसाचं. गाडीत तापात तूच बडबडून राह्यली होती. मीच दरवाजापाशी बाईले सांगतलं, तेवढं पाहा म्हणून. लेकराचंही विचारलं होतं. त्यायनं सांगतलं."

"अन् मंग ते गालफुगीचं?"

"गालफुगी झाली होती ना. दोष राह्यला का नाही, कोणाले माहीत? माय ऐकत नव्हती, तिले काहीतरी सांगा लागते."

वहिनी बाजेवर बसली. तिने विचारलं, "मले काऊन नाही सांगतलं तुमी?"

"तू लपवून राह्यली होती. म्हटलं, तुले वाईट वाटन." तो म्हणाला, "तू बी नाही सांगतलं."

"इतके काढे पेले तुमी."

"हाव. लय कडू होते," भाऊ म्हणाला आणि तांब्या ठेवून पुन्हा शेतावर गेला. मी मुलीला घेऊन आत गेले.

त्यानंतर वहिनी मला एकदा म्हणाली की ते आता बोलतात, जेवताना बोलतात, शेतात काय झालं ते सांगतात. लग्नानंतरची पहिली वर्षं म्हणतात, ती तिला चाळिशी ओलांडल्यावर मिळाली. फार मिळाली नाहीत. भाऊ काही वर्षांनी छातीत दुखून गेला.

एक गोष्ट राहून गेली ती गेलीच. वहिनीच्या त्या धाकट्या बहिणीला ओळीने मुलगे झाले होते. काढे चालू होते त्या दिवसांत, तिसरा रांगत होता तेव्हा, ती त्याला घेऊन आली आणि म्हणाली, अक्का, हा तू ठेव. मूल महिनाभर त्या घरात राहिलं. भावाच्या खांद्यावर बसून शेतात जायचं. वहिनी नको म्हणाली, कारण दुसऱ्याचं लेकरू घरात आणलं की नवऱ्याला आपला दोष रोज डोळ्यांपुढे दिसेल असं तिला वाटलं. भाऊ नको म्हणाला, कारण वहिनीचं मन दुखेल असं त्याला वाटलं. बहीण रडत त्याला परत घेऊन गेली.

तो मुलगा भावाच्या तेराव्याला आला होता. उंच, शांत, जेवताना मान खाली घालून जेवणारा. वहिनीने त्याला आग्रह करून दोनदा वाढलं. तो गेल्यावर ती उष्टी ताटं तशीच ठेवून बराच वेळ दाराशी उभी होती. मी तिला आत चल म्हटलं नाही.